तेलशिखराची पाळंमुळं दख्खनच्या मातीत

रिसोड तालुक्यातल्या कुठल्याही शेताचा सातबारा उघडा. क्षेत्र, पोटखराबा, भोगवटादार यांच्या जोडीला त्यात 'आकारणी' नावाचा एक रकाना असतो. लाखांत विकल्या जाणाऱ्या जमिनीपुढे तिथला आकडा म्हणजे काही रुपये आणि काही पैसे, त्यामुळे कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही. पण हा आकडा ठरवायची रीत कुठून आली याचा माग काढला, की आपण आधी १८६० च्या दशकातल्या वऱ्हाडच्या मोजणीत पोचतो, तिथून पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात आणि तिथून लंडनच्या उत्तरेला हेलीबरी इथल्या एका वर्गात. त्याच वर्गात शिकवल्या गेलेल्या विचाराची दुसरी फांदी टेक्सासमधल्या १९५६ सालच्या एका सभेपर्यंत जाते. जगाचं तेल उत्पादन शिखरावर पोचून उतरणीला लागणार, ही कल्पना गाजायला सुरुवात झाली ती त्या सभेपासून. वाशिमचा शेतसारा आणि तेलशिखराचा वाद हे एकाच कुळातले आहेत, असा माझा दावा आहे.

सभेची कथा पुष्कळांना माहीत आहे. शेल कंपनीचे भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी ८ मार्च १९५६ रोजी सॅन अँटोनिओमध्ये घंटेच्या आकाराची एक वक्ररेषा मांडली. अमेरिकेत एकूण १५० अब्ज पिंपं तेल निघणार असेल तर उत्पादनाचं शिखर १९६५ च्या सुमाराला येईल आणि २०० अब्ज निघणार असेल तर १९७० च्या, असं त्यांनी सांगितलं. १९७० साली अमेरिकेचं उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोचलं आणि खरोखरच घसरायला लागलं. हबर्ट द्रष्टे ठरले.

आता प्रश्न असा की ही रेषा हबर्ट यांना सुचली कशी? इथं तीन वंशावळी सांगितल्या जातात.

पहिली वंशावळ खाणींची. डी. एफ. हेवेट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९२९ साली युरोपातल्या धातूखाणींचा इतिहास मांडून दाखवलं होतं, की प्रत्येक प्रदेशाचं उत्पादन चढतं, माथा गाठतं आणि उतरतं. हबर्ट यांनी त्याचं ऋण स्वतःच मान्य केलं आहे. दुसरी वंशावळ गणिताची. लोकसंख्या आधी झपाट्याने वाढते आणि मग मर्यादेपाशी मंदावते, हे दाखवणारं समीकरण बेल्जियमच्या व्हेर्हुल्स्टने १८३८ साली मांडलं. हबर्ट यांच्या रेषेचं गणित त्याच घराण्यातलं आहे. तिसरी वंशावळ कोळशाची. स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली ब्रिटनच्या कोळशावर पुस्तक लिहून धोक्याची सूचना दिली. ब्रिटिश कोळशाचं उत्पादन १९१३ साली २९ कोटी टनांच्या आसपास शिखरावर पोचलं आणि त्यानंतर त्या उंचीवर पुन्हा कधीच गेलं नाही.

तिन्ही वंशावळी खऱ्या आहेत, पण अपुऱ्या. हेवेटने आकार दिला, व्हेर्हुल्स्टने समीकरण दिलं. मात्र शिखर यावंच का, याचं कारण त्या दोघांकडे नाही. ते जेव्हन्सकडे आहे. कोळसा एका दिवशी संपेल असं जेव्हन्स म्हणत नव्हता. खाण जसजशी खोल जाईल तसतसा टनामागचा खर्च वाढेल आणि वाढच थांबेल, असं त्याचं म्हणणं होतं. हे कारण त्याच्या घरचं नव्हतं. त्याच्या आधी अर्ध्या शतकात डेव्हिड रिकार्डोने ते मांडलं होतं. १८१७ च्या ग्रंथात जमिनीच्या खंडावरचं प्रकरण संपलं की रिकार्डो लगेच खाणींच्या खंडाकडे वळतो. आधी चांगली जमीन लागवडीखाली येते, मग हलकी, आणि भाव ठरतो तो सगळ्यात हलक्या जमिनीच्या खर्चावर; चांगल्या जमिनीला त्यावर जे उरतं, तो खंड. खाणींचंही तेच. खंडाचा हाच सिद्धांत माल्थसने १८१५ सालीच छापला होता आणि जेम्स अँडरसन या स्कॉटिश शेतकरी-लेखकाने तर १७७७ मध्ये.

माल्थस हे नाव आलं की आपल्याला लोकसंख्या आठवते. त्यांची नोकरी मात्र ईस्ट इंडिया कंपनीची होती. हिंदुस्थानात पाठवायचे मुलकी अधिकारी घडवणाऱ्या कंपनीच्या कॉलेजात, म्हणजे हेलीबरीत, ते १८०५ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होते. खंडाचा सिद्धांत इंग्लंडात अजून वादात होता, तेव्हाच पुढे आपल्याकडे कलेक्टर होणारी पोरं तो वहीत उतरवून घेत होती.

त्यांच्यातलाच एक रॉबर्ट कीथ प्रिंगल. मुंबई इलाख्यात आल्यावर १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशवाईच्या जुन्या मुलखाची मोजणी त्याच्याकडे आली आणि गुरूचा सिद्धांत त्याने थेट जमिनीवर उतरवला. मातीच्या प्रत्येक प्रतीचं पीक किती येतं ते काढायचं, त्यातून बैल, बियाणं, मजुरी, खत यांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. एरिक स्टोक्स या इतिहासकाराने १९५९ च्या आपल्या ग्रंथात हा प्रसंग सांगितला आहे. तो वाचताना मी थबकलो ते 'निव्वळ' या कल्पनेपाशी. शिवारात एकूण किती पिकतं, याला प्रिंगलच्या लेखी महत्त्व नव्हतं. पिकवायला जे घालावं लागतं ते वजा जाऊन काय उरतं, हे त्याला हवं होतं. तेलाच्या वादात हाच प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांनी परत आला.

प्रिंगलची मोजणी फसली. हजारो शेतांचं निव्वळ उत्पन्न काढायचं तर हजारो खरे आकडे हवेत. खालच्या कारकुनांनी लाच घेऊन किंवा अंदाजाने तक्ते भरले, त्यात धान्याचे भाव कोसळले. सारा न झेपल्याने रयतेने शेतं सोडून शेजारच्या संस्थानी मुलखाची वाट धरली. इंदापूर तर ओस पडायची वेळ आली. तिथंच १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नव्याने सुरुवात केली. तालुक्याचा दर त्यांनी सिद्धांतावरून काढला नाही. मागच्या वर्षांत खरोखर किती वसूल झालं, भाव काय होते, बाजार किती लांब आहे हे बघून तो ठरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. मात्र तो दर शेताशेतांवर वाटायला त्यांनी प्रतबंदी ठेवली.

ही प्रतबंदी जवळून बघण्यासारखी आहे. कारकून शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागात माती खणून तिची खोली हाताने मोजी. एकसारख्या पोताची काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर सोळा आणे. तीच माती पाव हातावर संपून मुरूम लागला तर साडेचार आणे. मातीत चुनखड असेल, उतार असेल, पाणी साचत असेल, तर प्रत्येक दोषामागे एक प्रत खाली. सगळ्यात खालची नववी प्रत दोन आण्यांची. खोली, पोत आणि दोष अशा तीन गोष्टींवरून जमिनीची किंमत. तेलाचा थर तपासणारे भूवैज्ञानिक आजही खोली, खडकाची सच्छिद्रता आणि त्यातले अडथळे बघतात.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं आणि १८६१ पासून इथं मुंबईच्या पद्धतीची मोजणी सुरू झाली. वाशिम पुढे बाशीम नावाने स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ साली तो मोडून वाशिम अकोल्यात गेलं आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा जिल्हा झाला. पुढे फेरआकारण्या झाल्या, आणे जाऊन पैसे आले, पण पाया तोच. पायनघाटातल्या, म्हणजे खालच्या खोऱ्यातल्या, भारी काळ्या जमिनीपेक्षा आपल्या बालाघाटाच्या पठारावरची बरड, मुरमाड जमीन हलक्या प्रतीत बसते, ती खोली मोजायच्या याच रीतीने.

या कुळकथेतला सगळ्यात विलक्षण दुवा पुढे आहे. माल्थस वारल्यावर हेलीबरीतली त्यांची जागा रिचर्ड जोन्स यांना मिळाली. या जोन्सनी १८३१ सालीच रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर टीकेचं पुस्तक लिहिलं होतं. हिंदुस्थानातली रयत जे भरते ते मातीच्या प्रतीवरून ठरत नाही, राज्यकर्ता आणि रयत यांच्यातल्या प्रत्यक्ष व्यवहारावरून ठरतं, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे जमिनीतून हिशेब काढणारे आणि व्यवहारातून काढणारे, असे दोन्ही पक्ष एकाच खुर्चीवर एकामागून एक बसले.

तेलाच्या वादात हेच दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाएरेर यांनी मार्च १९९८ मध्ये स्वस्त तेलाचा काळ संपत आल्याचं मांडलं, ते जमिनीतून हिशेब काढून. ते प्रिंगलचे वारस. एमआयटीचे मॉरिस ॲडेलमन म्हणत, की पोटात किती तेल आहे हा प्रश्नच गैरलागू. खर्च वाढवणारी झीज आणि खर्च कमी करणारं ज्ञान यांची शर्यत चालू असते आणि ती भावात दिसते. ते जोन्स आणि विंगेट यांच्या घरचे. प्रिंगलला बुडवणारी खोट्या तक्त्यांची अडचणही जशीच्या तशी परत आली. १९८० च्या दशकात ओपेकच्या अनेक देशांनी नवे मोठे शोध न लागताच आपले साठे कागदावर वाढवून दाखवले, आणि उत्पादनाचा वाटा साठ्यांशी जोडायची चर्चा तेव्हाच चालू होती. जगाच्या शिखराची तारीख पुन्हा पुन्हा चुकण्यामागे ही अडचण मोठी आहे.

माझ्या सिद्धांतावर एक आक्षेप भक्कम आहे. रिकार्डोच्या मते जमिनीची मूळ शक्ती न संपणारी, तेल मात्र एकदा काढलं की गेलं. मग दोघांचं कूळ एक कसं? माझं उत्तर असं, की संपण्याची कल्पना खाणींनी दिली, हेवेटने तिला आकार दिला, पण आधी सोपं आणि मग अवघड हा क्रम खंडसिद्धांताचाच आहे. हबर्ट यांनी प्रिंगलचं नाव ऐकलं होतं असा माझा दावा नाही. ते दोघे चुलत घराण्यातले. मूळपुरुष एक, फांद्या दोन, आणि दख्खनची फांदी थोरली.

हे कूळ ओळखल्यावर वादातला गुंता सुटतो. २०१८ साली अमेरिकेने शेल नावाच्या खडकातून काढलेल्या तेलाच्या जोरावर १९७० चा उच्चांक मोडला आणि हबर्ट खोटे ठरल्याचं जाहीर झालं. एकूण उत्पादन बघितलं तर हे खरं. पण शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त घसरतं, म्हणून सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. ही बरड जमीन आहे, पावणेदोन हाताची काळी नव्हे. पारंपरिक कच्च्या तेलाने २००६ साली दिवसाला सुमारे सात कोटी पिंपांवर शिखर गाठलं आणि ते बहुधा परत येणार नाही, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० च्या अहवालात नमूद केलं होतं. चार्ल्स हॉल या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात वापरात आणलेलं माप इथं उपयोगी पडतं: तेल काढायला जितकी ऊर्जा घातली, तिच्या किती पट परत मिळाली? प्रिंगलचं निव्वळ उत्पन्न ते हेच, फक्त रुपयांऐवजी ऊर्जेत मोजलेलं.

महाराष्ट्रापुरतं शिखर तर आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेलं. १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खणणाऱ्या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. २१ मे १९७६ रोजी त्या क्षेत्राचं, म्हणजे मुंबई हायचं, उत्पादन सुरू झालं. १९८० च्या दशकात ते दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास पोचलं. आज दीड लाखाच्याही खाली आहे. चुनखडकाच्या थरातला दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत भरावं लागतं, मग विहिरीतून तेलाबरोबर तेच पाणी वर येतं, ते वेगळं करावं लागतं. नव्या विहिरी, पुनर्विकासाचे प्रकल्प हे गेली पंचवीस वर्षं चालू आहे. २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी कंपनीला तांत्रिक मदतीसाठी आणलं, आणि दहा वर्षांत तेल-वायूच्या उत्पादनात साठ टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकेल असं सांगितलं गेलं. वाढ होवो. पण तो एकूण पिकाचा आकडा आहे.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल आयात होतं. मंगरुळपीर-मालेगावच्या सोयाबीनची नांगरट, पेरणी, मळणी आता डिझेलवर चालते. भाव चढला की त्याचा भार शेतकऱ्यावरच येतो. उत्पादनाने शिखर गाठलं की नाही हे नेहमी मागाहून कळतं. एक पिंप काढायला किती ऊर्जा लागली हे मात्र दरवर्षी मोजता येतं. ओएनजीसीने मुंबई हायचा तो आकडा उत्पादनाच्या आकड्याशेजारी दरवर्षी छापावा. इंदापुरात निव्वळ उत्पन्नाचा हिशेब कारकुनांच्या खोट्या तक्त्यांमुळे बुडाला. आज प्रत्येक विहिरीवर मापक बसवलेले असताना तो न मांडायला काहीच कारण नाही.