डोळ्यामागचे न दिसणारे स्नायू

गलगंड, हृदयाची धडधड आणि बाहेर आलेले डोळे. या आजाराचे वर्णन डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली केले. डोळे पुढे का येतात, हे मात्र जिवंत रुग्णात पाहण्याची सोय नव्हती.

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पण त्यांत दिसे ते हाड. डोळा फिरवणारे सहा स्नायू आणि भोवतालची चरबी छायाचित्रात एकमेकांत विरून जात. स्नायू पाहायचा तर कवटी उघडावी लागे. १९३१ साली सॅन फ्रान्सिस्कोचे हॉवर्ड नॅफझिगर यांनी खोबणीचे छत काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. आत त्यांना आढळले ते कित्येक पटींनी सुजलेले स्नायू.

१९५० च्या दशकात ध्वनिलहरींनी डोळा तपासता येऊ लागला, तरी खोबणीचे टोक अस्पष्टच राहिले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. एका छेदाला काही मिनिटे लागत आणि चित्र जेमतेम ८० × ८० ठिपक्यांचे असे. यंत्र ईएमआयचे, म्हणजे आपल्याकडच्या एचएमव्ही तबकड्यांमागच्या कंपनीचे. बीटल्सच्या कमाईतून सीटी जन्मला, ही कथा चविष्ट आहे. परंतु खर्चाचा मोठा भार ब्रिटनच्या आरोग्य खात्याने उचलला होता.

यंत्र मेंदूसाठी होते, पण खोबण त्याच डोक्यात! पूर्वी अडचण वाटणारी चरबी येथे उपयोगी पडली: तिच्या काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक स्नायू उजळ दिसू लागला. ग्रेव्हजच्या आजारात स्नायूचा मधला भाग फुगतो आणि डोळ्याला चिकटणारी कंडरा बहुधा बारीकच राहते. स्नायूच्या इतर दाहांत अनेकदा कंडराही सुजते. बहुतेकदा सर्वप्रथम सुजतो तो डोळ्याखालचा सरळ स्नायू.

याहून गंभीर बाब खोबणीच्या टोकाशी होती. तेथील अरुंद जागेत फुगलेले स्नायू दृष्टीच्या मज्जातंतूला आवळतात आणि नजर जाऊ शकते. डोळा फारसा पुढे आलेला नसतानाही हे घडते, त्यामुळे केवळ चेहरा पाहून धोक्याचा अंदाज बांधणे फसवे ठरे.

चित्रही फसवू शके. आडव्या छेदात तो खालचा स्नायू तिरका कापला जाई आणि टोकाशी गाठ असल्याचा भास होई. समोरून पाहिल्यासारखा उभा छेद घेतला, की ती गाठ नसून सुजलेला स्नायूच आहे, हे उघड होई.