भाडेकरू, घरमालक आणि पावती

आमच्या गावाकडच्या एका गृहस्थांनी तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्या बांधल्या आहेत आणि बांधल्यापासून त्यांना कुलूप घातले आहे. शाळेत नवे आलेले एक मास्तर खोलीसाठी दारोदार हिंडत होते, तरी यांनी दिली नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मास्तर भला माणूस आहे हो. पण बारा वर्षं राहिला की घर त्याचंच होतं ना? कूळकायदा आहे."

या एका वाक्यात दोन-तीन कायद्यांची खिचडी झाली आहे. शेतजमिनीचे कूळ वेगळे, घराचा भाडेकरू वेगळा. १९४८ च्या कूळकायद्याखाली पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. घरभाड्याच्या कायद्याने भाडेकरूला अशी मालकी कधीच दिली नाही. बारा वर्षांचा हिशेब आहे तो मालकाला न जुमानता, उघडपणे आपलीच मालकी सांगून बसणाऱ्याचा. जो दरमहा भाडे देतो तो दरमहा मालकाची मालकी कबूल करीत असतो.

मग ही धास्ती आली कोठून? ती मुंबईहून आली, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गिरण्या धडाक्याने चालू होत्या. कोकणातून, घाटावरून माणसांचा लोंढा येत होता आणि खोल्या मात्र तेवढ्याच. भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले गेले. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो कायदा गेला. दुसऱ्या महायुद्धाने तोच प्रसंग पुन्हा आणला. १९३९ आणि १९४४ चे कायदे झाले आणि त्यांच्या जागी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे गोठवले. हेच ते ‘स्टँडर्ड रेंट’. हे भाडे देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या माणसाला मालकाने उठवायचे नाही, असा त्याचा गाभा.

एका खोलीत दोन बिऱ्हाडे काढणाऱ्या गिरणी कामगाराला या कायद्याने छप्पर टिकवून दिले, हे विसरून चालणार नाही. पण कायदा होता तात्पुरता. ३१ मार्च १९५० ला तो संपायचा होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली, आणि ती पन्नास वर्षे मिळत राहिली! १९४० चा रुपया कुठे आणि नंतरचा कुठे!

माझ्या आत्याचा पुण्यात पेठेत जुना वाडा होता. वरच्या दोन खोल्यांचे भाडे बारा रुपये. कौले चाळायला माणूस बोलावला की वर्षाचे भाडे त्यातच जाई. आत्या म्हणे, "मी मालकीण कसली, मी तर यांची राखणदार." भाडेकरूही काही लबाड नव्हते, बाहेर तेवढ्या भाड्यात त्यांना गोठाही मिळाला नसता. शेवटी एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. दोष कोणाचा, यावर दोन्ही घरांत अबोला धरला गेला तो आत्या गेली तरी सुटला नाही.

मुंबईत अशा इमारती हजारोंनी झाल्या. मालक दुरुस्ती करीना, म्हणून सरकारने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ काढले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. दुसरीकडे पागडी बोकाळली. पागडी घेणे गुन्हा होता, तरी ती सर्रास घेतली जाई. भाडेकरू हा शब्दच नको म्हणून मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा देऊ लागले. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा करार चालू होता, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. कुलपांची सवय लागली ती या साऱ्यातून.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, भाडे असे गोठवून ठेवणे आता न्याय्य राहिलेले नाही, असे सांगितले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. बारा रुपयांवर चार टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे. जुन्या वाड्यांना त्याने काय होणार? पागडी मात्र त्याने कायदेशीर करून टाकली.

नव्याने खोली देणाऱ्याला मात्र या कायद्यात आधार आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी राहत्या जागेतून हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तोवरच्या दिवसांचे दुप्पट शुल्क मागता येते. अट एकच, करार लेखी आणि नोंदलेला हवा. ‘अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला?’ ही समजूत पुष्कळ शिक्षकांचीही असते. ती चुकीची आहे. या कायद्याखाली मुदत कितीही असो, नोंदणी लागते. ती नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरले जाते, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भांडण झाले म्हणून नळ किंवा वीज तोडता येत नाही. हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला नाही, त्याच्या परिशिष्टातील गावांना आहे. आपले गाव त्यात आहे का, ते आधी पाहावे.

हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, देतो मास्तरला खोली. पण नोंदणीचा खर्च कुणाचा?" म्हटले, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने तुमची, पैशाचे तुम्ही आणि मास्तर बसून ठरवा.