दर वेळी एक तृतीयांश नवा: ‘सिव्हिलायझेशन’ या खेळातला इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेम कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की इतिहास फक्त पुस्तकातून कळतो असं नाही. तो बखरीतून, पोवाड्यातून, नाटक-सिनेमातून कळत आलाय. गेली पस्तीस वर्षं तो कीबोर्ड आणि माउसमधूनही कळतोय. आणि एकच खेळ जेव्हा पुन्हा पुन्हा नव्यानं लिहिला जातो, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक फार छान साधन मिळतं. कुठल्या पिढीला इतिहास कसा दिसत होता, हे आपण ओळीनं लावून बघू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सभासद बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली गेली, आणि चिटणीस बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. नायक तेच, शिवाजी महाराज. पण लिहिणाऱ्याचा काळ वेगळा, म्हणून भर कशावर हेही वेगळं. आज आपण ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाचे सात भाग असेच वाचणार आहोत, सात बखरी म्हणून.

पहिला भाग १९९१ चा. अमेरिकेतल्या मायक्रोप्रोज या कंपनीत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो केला. कल्पना साधी. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुमच्याकडे वसाहत करणारी एक टोळी असते. तुम्ही शहर वसवायचं, रस्ते बांधायचे, शोध लावायचे, शेजाऱ्याशी भांडायचं किंवा जुळवून घ्यायचं. जिंकायचे मार्ग दोनच: सगळ्यांना नेस्तनाबूत करा, नाहीतर अवकाशयान बांधून अल्फा सेंटॉरीला आधी पोहोचा.

आता हे जरा थांबून बघा. १९९१, म्हणजे शीतयुद्ध संपण्याचं वर्ष. आणि खेळात जिंकण्याचे मार्ग कोणते, तर युद्ध आणि अंतराळशर्यत. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या काळात ‘जिंकणं’ म्हटलं की हेच डोळ्यापुढे येत होतं.

या मालिकेबद्दल मायर यांच्या नावानं एक नियम सांगितला जातो. नवा भाग करताना एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं आणि एक तृतीयांश पूर्ण नवं आणायचं. सगळं जुनंच दिलं तर लोक पुन्हा पैसे का देतील? आणि सगळंच नवं दिलं तर ते म्हणतील, हा आमचा खेळच नव्हे. आजचं व्याख्यान खरं तर या नव्या एक तृतीयांशाबद्दल आहे.

दुसरा भाग १९९६ चा, ब्रायन रेनॉल्ड्स यांनी केलेला. त्यात प्रत्येक समाजाला एक पुरुष आणि एक स्त्री नेता मिळाला. भारताच्या बाजूनं महात्मा गांधी आणि इंदिरा गांधी. तिसरा भाग २००१ चा. इथे राष्ट्रांना सीमा आल्या, आणि ‘संस्कृती’ ही मोजता येणारी गोष्ट झाली. तुमची मंदिरं, ग्रंथालयं जोरात असतील तर शेजारचं शहर न लढता तुमच्याकडे येऊ शकतं. लोखंड, तेल यांसारखी साधनंही आली. तुमच्या जमिनीत तेल नसेल तर रणगाडे नाहीत. व्यापार करा, नाहीतर युद्ध. म्हणजे विजयाची कल्पना आता नुसत्या तलवारीपुरती राहिली नव्हती.

चौथा भाग २००५ चा, सोरेन जॉन्सन यांचा. त्यात धर्म आला. हिंदू, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, कन्फ्यूशियन आणि ताओ असे सात. गंमत अशी, की खेळाच्या हिशेबात सातही धर्मांचा परिणाम अगदी सारखा ठेवला होता. कुणाला दुखवायचं नाही, म्हणून. पण त्याचा अर्थ काय झाला? धर्म आला, पण त्यातला आशय गेला. उरला फक्त शिक्का. याच भागात गुलामगिरी हा एक पर्याय म्हणून होता: लोकसंख्या खर्ची घाला आणि इमारत लवकर उभी करा. खेळताना तो फायद्याचा सौदा वाटायचा, आणि मला वाटतं तीच त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट होती. पुढच्या भागात तो पर्याय राहिला नाही. आता प्रश्न असा, की वाईट गोष्ट खेळातून काढून टाकली म्हणजे इतिहास स्वच्छ झाला, की अपुरा झाला? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

पाचवा भाग २०१० चा. चौकोनी घरांच्या जागी षटकोनी घरं आली, आणि एका घरात एकच सैन्यदल हा नियम आला. आधी लोक एका घरात पन्नास पन्नास तुकड्यांचा ढीग लावायचे. आता डोंगर, खिंड, नदी यांना किंमत आली. आणखी एक बदल बघा. पहिल्या भागात, १९९१ मध्येच, प्रदूषणानं पृथ्वी तापायची. पाचव्या भागात ती तापणं बंद झालं. मग २०१९ मध्ये, सहाव्या भागाच्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या पुरवणीत, हवामानबदल परत आला. समुद्र वाढतो आणि किनाऱ्याची जमीन पाण्याखाली जाते.

आता गांधीजींकडे येऊ, कारण हा भाग आपल्याला जवळचा आहे. तुम्ही कदाचित ऐकलं असेल, की पहिल्या खेळात एक तांत्रिक चूक होती. गांधीजींची आक्रमकता १ होती, लोकशाही आली की ती २ नं कमी व्हायची. उत्तर उणे एक. पण संगणकाच्या त्या खणात ० ते २५५ एवढेच आकडे बसत होते, म्हणून उणे एकचे झाले २५५, आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटले! किस्सा झकास आहे. संगणकशास्त्राच्या वर्गातसुद्धा सांगितला जातो.

फक्त तो खरा नाही. सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं, की अशी चूक नव्हतीच. रेनॉल्ड्स यांच्या म्हणण्यानुसार आक्रमकतेच्या पायऱ्या तीनच होत्या, आणि सर्वांत खालच्या पायरीवर गांधीजींबरोबर जवळपास एक तृतीयांश नेते होते. मग आठवण कुठून आली? अणुशस्त्राची धमकी सगळेच नेते एकाच वाक्यात द्यायचे. पण भारत विज्ञानात पुढे असायचा, म्हणून ती शस्त्रं त्याच्याकडे लवकर यायची. आणि तेच वाक्य गांधीजींच्या तोंडी आलं की लक्षात राहायचं. पुढे पाचव्या भागात रचनाकारांनी मुद्दाम विनोद म्हणून दहाच्या मोजपट्टीवर गांधीजींना अण्वस्त्रांसाठी १२ दिले. हा आकडा खरा आहे. त्यानंतर, २०१२ च्या सुमारास, १९९१ च्या ‘चुकी’ची कथा पसरली.

क्रम लक्षात घ्या. आधी विनोद, मग त्या विनोदाचं खोटं मूळ. दंतकथा अशाच बनतात. परिणाम समोर असतो, लोक त्याला साजेसं कारण शोधून मागच्या काळात नेऊन ठेवतात. आपल्या किल्ल्यांभोवतीच्या कितीतरी कथा अशाच तयार झाल्या. फरक एवढाच, की इथे कथा रचणारे आणि मूळ लिहिणारे दोघंही हयात होते, म्हणून तपासता आलं.

आणखी एक प्रश्न, दुसऱ्याचा इतिहास वापरण्याचा. पाचव्या भागाच्या २०१३ च्या पुरवणीत पुएब्लो लोक आणि त्यांचा नेता पोपे घ्यायचं ठरलं होतं. पुएब्लो नेत्यांनी हरकत घेतली आणि त्यांच्या जागी शोशोनी आले. २०१८ मध्ये सहाव्या भागात क्री समाजाचा नेता पाउंडमेकर आला, तेव्हा कॅनडातल्या त्याच्या समाजातून टीका झाली. त्यांचा मुद्दा असा, की दुसऱ्याची जमीन जिंकत सुटणं हे आमचं मूल्य नव्हतं; आम्हाला या साच्यात का बसवता? हा मुद्दा फक्त एका नेत्याचा नाही. तो खेळाच्या पायालाच हात घालतो.

आणि बहुधा म्हणूनच सातवा भाग, फेब्रुवारी २०२५ चा, मला महत्त्वाचा वाटतो. इथे खेळाचे तीन कालखंड आहेत, आणि खेळ बाजारात आला तेव्हा कालखंड बदलला की तुम्हाला समाजही बदलावा लागायचा. मौर्य म्हणून सुरू करा, पुढे चोळ व्हा, मग मुघल. नेता मात्र तोच. गांधीजी सुरुवातीच्या यादीत नाहीत, अशोक आहे.

खूप खेळाडूंना हे आवडलं नाही. त्यांची तक्रार: आमचं राष्ट्र सहा हजार वर्षं एकच हवं. भावना समजण्यासारखी आहे. पण आपलं पैठण घ्या. सातवाहनांची राजधानी, मग यादवांचा मुलूख, निजामशाही, मोगल, पुढे हैदराबाद संस्थान आणि शेवटी महाराष्ट्र. गोदावरी तीच, घाट तेच, राज्यं बदलत गेली. इतिहास म्हणून सातवा भाग पहिल्यापेक्षा खऱ्याच्या जवळ आहे. खेळ म्हणून लोकांना पहिल्यातलं अखंड राष्ट्र अजून हवंय.

इतिहास शिकवताना मला हीच अडचण रोज येते. ऐकणाऱ्याला अखंड धागा हवा असतो, आणि कागदपत्रं तुकडे दाखवतात. सिड मायर यांचा नियम कदाचित आपल्यालाही लागू पडेल. ऐकणाऱ्याच्या ओळखीचं थोडं ठेवायचं, थोडं दुरुस्त करायचं, आणि एक तृतीयांश असं सांगायचं जे त्याला आधी पटणार नाही. तो भाग आवडला नाही तरी सांगावाच लागतो.

आता प्रश्न घेऊया.