दंडावरील व्रण

आमच्या पिढीतील बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. त्याच्या इतिहासात मुंबईतील एक तीन वर्षांची बालिका उभी आहे, हे मात्र आम्हांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडमध्ये गाईच्या देवीची लस टोचली, तेव्हा विषाणू ही कल्पनाही जन्मली नव्हती. तिला आणखी शतकभर अवकाश होता. लांबच्या प्रवासात, उन्हाच्या तापाने लस निकामी होई. अखेर बगदाद व बसरा येथे टोचून जिवंत राखलेली लस मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ती ॲना डस्टहॉल हिला टोचण्यात आली. तिच्या दंडावरील फोडातील द्रव इतर मुलांना टोचला गेला आणि दंडातून दंडात अशी ती लस देशभर पसरली.

लोक बिचकले. देवीचा कोप होईल, परक्याच्या अंगातील द्रवाने लेकरू बाटेल, असे त्यांस वाटे. या भयास निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. अशा टोचणीतून अन्य रोगही पसरू शकत, हे पुढे सिद्ध झाले. म्हणूनच वासरांवर लस तयार करण्याची पद्धत रुळली. शंकेने शास्त्रालाही शहाणे केले.

१९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. जेन्नर यांचे नाव आम्ही पाठ्यपुस्तकांत वाचले. ॲनाचे ऋण मात्र आम्ही आमच्या दंडावरच वागवीत आलो आहोत.