पवन्याचा माळ

वसुबारसेला गाय ओवाळली की तिच्यापुढे पवन्याची एक पेंढी टाकायची, ही आमच्या आजीची रीत. घरात कडबा भरपूर असे. पण सणाचा घास पवन्याचाच! पुढे मी मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्याही लिहिल्या, आणि ज्या माळावर ते गवत वाढे, तो माळ माझ्याच हातून बिघडला.

गवत ही एके काळी राज्याची चीज होती. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळुणाकडील घोडदळाच्या अंमलदारांना पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला छळाल, असा त्यात दम आहे. उंदीर दिव्याची पेटती वात पळवील आणि गंजी जळतील, इथवर त्या राजाची नजर पोचली होती! घोड्यांसाठी कुरणे राखीत. कुरण राखायचे म्हणजे गवत वाढेपर्यंत तिथे जनावर घालायचे नाही, एवढेच.

पण त्या 'एवढ्याच'मध्ये सारे आहे. पवन्या हे बहुवर्षायू, ठोंबाने वाढणारे गवत. गुरांना ते गोड लागते, म्हणून मोकाट चराईत पहिला बळी त्याचाच. त्याची जागा कुसळी घेते, आणि तिची कुसळे गुरांच्या तोंडात रुततात. तीही संपली की निव्वळ खुरटे गवत आणि मुरूम. माळ राखला, बी पडू दिले, तर हीच पायरी उलटी चढता येते. मात्र त्याला वर्षे लागतात. दबडघाव व शंकरनारायण यांनी देशभरच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दख्खनच्या गवताळ प्रदेशाची ओळखच पवन्या आणि मारवेल यांच्या कुळांवरून दिली आहे.

आमचे गाव सोलापूरकडचे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. माळढोक उघड्या माळावर, जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. गवतातले टोळ हे त्याचे खाणे. काळवीटही असल्याच माळाचे. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी शाळेमागचा माळ मला 'पडीक' दिसला! पंधरा वर्षांपूर्वी मुलांना रांगेत उभे करून मी तिथे गिरिपुष्पाची रोपे लावली. फोटो काढले, भाषणही केले.

झाडे फोफावली. काळविटे दिसेनाशी झाली. एके दिवशी मेंढरे वळणारे म्हातारे धनगरबाबा कुंपणाशी थांबून म्हणाले,

"गुरुजी, झाडं लई झ्याक आली. पर माळ कुटं गेला वो?"

मला उत्तर सुचले नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका अंगाची झाडे काढली. गावाने चराई बंद ठेवायचे कबूल केले. बाबांनी मेंढरे लांबच्या वाटेने नेली, हा त्यांचा मोठेपणा. बांधाबांधांवरून पवन्याच्या पिकल्या लोंब्या ओरबाडून मुलांनी पहिल्या पावसाआधी विखुरल्या. पहिल्या वर्षी कुसळीच माजली आणि मी हिरमुसलो. यंदा मात्र मधूनमधून पवन्याचे ठोंब धरले आहेत. काळवीट अजून आलेले नाही.

परवा एक मुलगा विळा घेऊन आला. "गुरुजी, वसुबारसेला एक पेंढी कापू?"

"बी पडू दे रे," मी म्हणालो. यंदाही गाईपुढे कडबाच पडला.