उत्तरदायी उद्योगवृत्ती

व्यवसायाचा निर्णय घेताना केवळ भागधारकाच्या नफ्याचा नव्हे, तर त्या निर्णयाचे बरेवाईट फळ ज्यांच्या वाट्याला येते त्या मजूर, शेतकरी, ग्राहक व शेजारच्या वस्तीचा, तसेच जमीन, पाणी आणि पुढील पिढ्यांचाही विचार करून त्याचा लेखी हिशेब जाहीर करण्याची रीत. ह्या सर्वांस ‘हितसंबंधी’ म्हणतात. आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांची शक्ती खुंटवू नये, हा ‘शाश्वतते’चा अर्थ ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने रूढ केला, तर नफ्याबरोबर माणसे व निसर्ग ह्यांचाही जमाखर्च मांडणारा ‘तिहेरी ताळेबंद’ ही संज्ञा जॉन एल्किंग्टन ह्यांनी १९९४ मध्ये योजिली.

संज्ञा नव्या असल्या तरी प्रश्न वऱ्हाडास जुना आहे. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीतील कापूस शेतकऱ्याच्या गाडीतून बाजारात येई तेव्हा वजन, भाव, अडत, तोलाई, हमाली आणि मालात खोट काढून कापलेला कडता ह्या प्रत्येक पायरीवर निर्णय दुसऱ्याच्या हाती आणि नुकसान मात्र पिकविणाऱ्याच्या पदरी, अशी स्थिती होती. तीस आळा घालण्यासाठी कारंज्यास १८८६ मध्ये नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. तथापि बाजारसमित्यांवर प्राबल्य राहिले ते व्यापाऱ्यांचेच. ज्याचा माल त्यासच मसलतीत जागा नाही, ही त्या कायद्याची मोठी उणीव होती, आणि हितसंबंधीयांच्या सहभागाचा आजचा आग्रह नेमका तिच्याकडे बोट दाखवितो. ह्याच काळात, १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला. त्यासाठी कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती.

‘विश्वस्तवृत्ती’, म्हणजे हाती असलेली संपत्ती आपली नसून लोकांची ठेव आहे असे मानणे, ही कल्पना महात्मा गांधींनी उद्योगपतींपुढे ठेविली. तिचे आचरण पाहावयाचे तर अमरावतीजवळच्या वलगावचे स्मरण करावे. २० डिसेंबर १९५६ रोजी ह्या गावानजीक पेढी नदीच्या पुलावर देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि त्यांचा कारभार विश्वस्तांकडे सोपविला. स्वतः मात्र ते अंगावरच्या चिंध्या व हातातील गाडग्यावर राहिले. व्यापारी कंपनीस एवढे वैराग्य मागणे अन्याय्य होईल, पण ठेवीचा चोख हिशेब मागणे मुळीच अन्याय्य नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये विहित मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु नफा कोठे खर्चिला ह्याहून तो कसा मिळविला हा प्रश्न आधीचा आहे. २०१७ मध्ये अमरावतीशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध बनविणारा, विकणारा आणि परवाना देणारा ह्या तिघांनीही, फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक पोशाख नाही आणि पिंपावरील सूचना त्यास वाचता येईलच असे नाही, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावयास हवा. ‘पूर्वदक्षता’ ह्या संज्ञेचा अर्थ हाच.

सामाजिक व पर्यावरणीय कामगिरीचा विस्तृत अहवाल सेबी ह्या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने अग्रगण्य १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा केला आहे. वऱ्हाडातील सरकी काढणारे खासगी जिन व अडतदुकाने सूचिबद्ध नसल्याने ह्या सक्तीबाहेर राहतात.