ताताची वही

परवा बाबांच्या कपाटातले जुने कागद आवरत होते, तर ताताची वही सापडली. ताता म्हणजे माझे आजोबा. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे कुरतडलेले, आणि आत पानभर गोल गोल अक्षरं. तेलुगू. मला त्यातलं एक अक्षर कळेना. आकडे तेवढे ओळखीचे, कारण ते इंग्रजी पद्धतीने लिहिले होते. म्हणजे माझ्या सख्ख्या आजोबांच्या हस्ताक्षरातलं मला फक्त ४७ आणि ११२ वाचता येतं. हसावं की रडावं कळेना!

आमचं आडनाव ऐकलं की पुण्यात हमखास प्रश्न येतो, "तुम्ही साऊथचे का?" आणि हैदराबादला एका लग्नात एका मावशींनी गालाला हात लावून विचारलं होतं, "तेलुगू रादा?" येत नाही का तेलुगू? मी नुसती मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. ती जास्त लागली.

तर थोडा इतिहास. आम्ही सोलापूरचे पद्मशाली, म्हणजे विणकर. मूळ गाव तेलंगणात, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली, १८७० च्या दशकात पहिली गिरणी उभी राहिली, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. हातात विणकामाचं कसब आणि पोटात भूक असलेली माणसं माग असेल तिकडे चालू लागली. एकदम नाही, पिढ्यान् पिढ्या येत राहिली. एकाने दुसऱ्याला बोलावलं, मेहुण्याने मेहुण्याला. सोलापूरचा अख्खा पूर्व भाग त्यातून वसला. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला आणि विड्या वळायला. जगात सोलापुरी चादर म्हणून जी मिरवते, ती विणणाऱ्या कितीतरी घरांत बोलणं तेलुगूत चालायचं, हे चादर पांघरणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

या माणसांनी मराठीचा दुस्वास केला नाही हो. डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी तर घरच्या तेलुगूसकट मराठीत कविता लिहिली, आणि आत्मचरित्राला नाव दिलं 'एका साळियाने'. दोन्ही भाषा एका माणसात सुखाने नांदू शकतात याचा तो पुरावाच. आमच्या घरात मात्र त्या नांदल्या नाहीत.

त्याला कारण बाबांची शाळा. तेलुगूत एकवचनात क्रियापदाला दोनच रूपं. पुरुष आला की 'वच्चाडु'. बाई आली, म्हैस आली, एसटी आली, सगळ्यांना 'वच्चिंदि'. त्यामुळे मराठीतली तीन लिंगं म्हणजे बाबांना कर्दनकाळ. वर्गात ते "माझी पुस्तक हरवली" म्हणाले आणि पुढची दोन वर्षं पोरांनी त्यांना 'माझी पुस्तक' म्हणूनच हाक मारली. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर त्यांनी ठरवलं, आपल्या पोरांवर ही वेळ यायची नाही. घरात मराठीच. आईनेही मान्य केलं. त्यांच्यात भांडण झालं की मात्र तेलुगू! त्यामुळे मला तेलुगूतली भांडणाची चाल छान ओळखता येते, शब्द नाही. :)

मी त्यांना दोष देत नाही. माझं मराठी चांगलं आहे, इतकं की हे सगळं मी त्यातच लिहितेय. पण हिशेब मांडला तर असा दिसतो: ताता तेलुगू वाचत, लिहीत, बोलत. बाबा मराठी शाळेत गेले, म्हणून नुसतं बोलतात. मी काहीच नाही. तीन पिढ्यांत काम तमाम.

अव्वा, म्हणजे आजी, २०११ मध्ये गेली. सुट्टीत सोलापूरला गेलो की ती माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायची आणि मी तिच्याशी हळू, मोठ्याने, जणू तिला ऐकू कमी येतं अशी. नवरात्राच्या सुमारास तरवडाची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे आणून ती बतुकम्मा रचायची. थरावर थर, वर निमुळता. बायका भोवती फेर धरून टाळ्या देत गायच्या. मीही फेरात असायचे. ओठ हलवायचे फक्त.

शेवटच्या महिन्यात तिचं मराठी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेलं आधी जातं. उरलं ते तेलुगू, आणि बोटांची हालचाल. पडल्या पडल्या तिची बोटं हवेत विडी वळत असायची. पान, तंबाखू, दोरा. एका रात्री दवाखान्यात मी एकटीच तिच्याजवळ होते. बाबा आंघोळीला घरी गेलेले. तिने माझा हात धरला आणि "बुव्व तिन्नावा?" विचारलं. जेवलीस का? एवढं मला येत होतं. मी हो म्हटलं. मग ती बोलायला लागली. बराच वेळ, सलग, मधे थांबून हसत, एकदा डोळे पुसत. मी "हो अव्वा, हो अव्वा" करत राहिले. मग तिच्या लक्षात आलं असावं. ती गप्प झाली, माझा हात दोनदा थोपटला आणि झोपली.

बाबा आल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाली? मला एकच शब्द सांगता आला, तोही पुन्हा पुन्हा आला म्हणून. मेमु.

बाबा म्हणाले, मेमु म्हणजे आम्ही. तुला सोडून. 'मनमु' म्हणजे आपण, तुला धरून. मराठीतही हा फरक आहे, आम्ही आणि आपण, हिंदीत नाही. भाषेचे अभ्यासक म्हणतात की मराठीने तो द्राविडी भाषांच्या शेजारातून उचलला. तेव्हा मला त्याचं काय? पण अव्वा त्या रात्री कुठल्या 'आम्ही'बद्दल सांगत होती, तिच्या माहेरच्या, गावाकडच्या, की मागावरच्या, हे आता कुणीच सांगू शकत नाही. दोनच दिवसांनी ती गेली.

असो. वहीकडे येते.

गेले तीन आठवडे रोज रात्री अर्धा तास तेलुगू बाराखडी गिरवतेय. क, ख, ग, घ तोच क्रम, त्यामुळे वाटतं तितकं कठीण नाही. 'अ' आणि 'ल' यांत अजून घोळ होतो. काल फोनवरून बाबांना पहिली ओळ वाचून दाखवली. मला अक्षर येतं पण अर्थ येत नाही, त्यांना अर्थ येतो पण अक्षर येत नाही. मी अडखळत म्हटलं, "नू... लु. नूलु. पुढे ४७."

"सूत," बाबा म्हणाले. "सुताचा हिशेब आहे तो. पुढे वाच."